पावसाळ्यात वार्निश मारलं आणि मिनिएचर पांढरं पडलं: काय करायचं?

जुलै लागला की मला मित्रांचे फोटो यायला लागतात. फोटो वेगवेगळे, तक्रार एकच. तीन आठवडे रात्री जागून मिनिएचर्सचं, म्हणजे टेबलावर युद्ध मांडायच्या इवल्याशा सैनिकांचं, पथक रंगवलं, शेवटचा हात म्हणून मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत सगळ्यावर पांढरी साय धरली. लाल रंग गुलाबी झाला, काळा राखेसारखा दिसायला लागला, डोळ्यांतली बुबुळं दिसेनाशी झाली. फोटोखालचा प्रश्नही ठरलेला: डबा खराब निघाला का?

डबा बहुतेक वेळा चांगला असतो. त्याच डब्याने फेब्रुवारीत तुमचं आधीचं पथक नीट झालेलं असतं. मधल्या काळात हवा बदलली. म्हणून नवा डबा आणायला धावू नका आणि सगळा रंग काढायला तर मुळीच बसू नका. आधी ते मिनिएचर हातात घेऊन नीट बघा. पांढरं पडायची कारणं निदान चार आहेत. चारांचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम आणखी बिघडतं.

माझ्यावर ही वेळ आली ती रामशेजच्या मावळ्यांवर. १६८२ साली मोगलांनी रामशेजला वेढा घातला आणि आपल्या नाशिकशेजारच्या या लहानशा किल्ल्याने त्यांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही. तो वेढा टेबलावर मांडायचं कधीपासून मनात होतं. मराठा सैन्याचे २८ मिलिमीटरचे मावळे हवे तसे मिळेनात, म्हणून सतराव्या शतकातल्या युरोपियन बंदूकधाऱ्यांचं प्लास्टिक किट घेतलं. त्यांच्या गुडघ्यापर्यंतच्या सैल विजारी आपल्या चोळण्याच्या बऱ्याच जवळ जातात. हॅट कापून टाकल्या आणि एम-सीलची पागोटी वळली. एम-सील मिनिएचरवाल्यांच्या ग्रीन स्टफ या पुट्टीसारखं लवचिक नाही आणि बोटाला चिकटतं, पण हत्यार पाण्यात बुडवत राहिलं की पीळ छान बसतात. शिवाय वाळल्यावर ते दगडासारखं होतं, त्यामुळे पिळांच्या कडा दुसऱ्या दिवशी ब्लेडने कोरून साफ करता येतात. असे चोवीस मावळे. जुलैतल्या एका संध्याकाळी, पाऊस थांबलेला बघून, गॅलरीत नेऊन मी त्यांच्यावर मॅट वार्निश मारलं. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं मी धरून चाललो होतो. चोवीसच्या चोवीस पांढरे पडले.

रंग काढून टाकायचा या विचाराने आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली काढून ठेवली होती. त्याआधी एका मावळ्यावरची धूळ पुसावी म्हणून ओला ब्रश त्याच्या पागोट्यावरून फिरवला. पाण्याचा थेंब पिळांच्या खाचेत उतरला आणि तेवढ्याच जागी मूळ लाल रंग जसाच्या तसा दिसला. शेडिंगसकट, हायलाइटसकट. मिनिटभरात पाणी वाळलं आणि ती जागा पुन्हा पांढरी झाली. मी तीनदा करून बघितलं. तीनही वेळा रंग परत आला आणि परत गेला.

म्हणजे रंग खाली शाबूत होता. बिघडला होता तो वरचा पातळ पापुद्रा.

हे होतं कसं

कॅनमधलं वार्निश म्हणजे द्रावकात विरघळलेलं रेझिन. द्रावक झपाट्याने उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने मिनिएचरचा पृष्ठभाग क्षणात गार पडतो. त्यात कॅनमधून सुटणारा वायूही गारच असतो. आता थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ते आठवा. हवेतली वाफ गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते, पण त्यासाठी पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जावा लागतो. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू साधारण २२ अंशांवर असतो. म्हणजे पृष्ठभाग जेमतेम तीन अंश गार झाला की पुरे. उलट एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सात अंशांच्या आसपास असतो. तिथे हा त्रास होणंच अवघड.

हे सूक्ष्म थेंब ओल्या वार्निशमध्ये अडकतात. नंतर पाणी उडून जातं, पण त्याची जागा पोकळ राहते. डोळ्याला न दिसणाऱ्या त्या असंख्य पोकळ्यांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. थेंब टाकला की पोकळ्या पाण्याने भरतात, उजेड सरळ आत जातो, खालचा रंग दिसतो. एवढंच आहे. निदानही त्यातूनच होतं: ओल्या ब्रशखाली रंग परत आला तर मिनिएचर वाचणार.

पण पांढरं ते सगळं दमट हवेचं नव्हे

हे न तपासता उपाय करणारे फार आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

पांढरेपणा सगळीकडे सारखा, धुक्यासारखा असेल आणि उंच भागांवरही असेल, तर ते वर सांगितलेलं दमट हवेचं काम. फर्निचर पॉलिश करणारे त्याला ब्लशिंग म्हणतात.

उंच भाग ठीक आहेत आणि पांढरं फक्त खाचांत, बगलेत, कमरबंदाच्या खाली साचलंय? मग दोष वार्निश नीट न ढवळल्याचा किंवा जाड मारल्याचा. मॅट वार्निशला मॅटपणा येतो तो त्यातल्या बारीक सिलिका पावडरीमुळे. ती पावडर डब्याच्या तळाशी बसते. आतल्या गोळीचा खडखडाट सुरू झाल्यावर पुढे पूर्ण दोन मिनिटं डबा हलवायचा असतो, आणि घड्याळ न लावता कुणी दोन मिनिटं हलवत नाही. मी मोजून बघितलंय, मनातली दोन मिनिटं म्हणजे चाळीस सेकंद भरतात.

पांढरं फक्त सांध्यांभोवती आहे, तलवारीची मूठ, मानेचा जोड, पाय आणि बेस (खालची चकती) यांच्यामध्ये? ते वार्निश नव्हेच. ते फेविक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचं काम. त्याची वाफ उडते आणि जवळपासच्या पृष्ठभागावर बसून घट्ट होते. या गोंदाला घट्ट व्हायला ओलावाच लागतो, म्हणून दमट हवेत याचीही तक्रार वाढते. खूण सांगतो: कधीकधी त्या पांढऱ्यात तुमच्या बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. जोडलेलं मिनिएचर लगेच झाकणाच्या डब्यात बंद केलं की हे हमखास होतं. रात्रभर उघड्यावर, वाहत्या हवेत राहू द्या आणि गोंद कमी लावा.

चौथा प्रकार नाशिकच्या उन्हाळ्यातला. हात फिरवला तर खरखरीत लागतं, वाळूच्या कागदासारखं. इथे थेंब मिनिएचरपर्यंत पोचायच्या आधीच हवेत सुकतात आणि पावडर होऊन बसतात. प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी मारायच्या पहिल्या थराच्या, बाबतीत हे जास्त छळतं, कारण ती खरखर पुढच्या प्रत्येक रंगातून वर येत राहते. पाण्याने ती लपली तरी बोटाला लागतेच. प्रायमरवर असेल तर जुन्या टूथब्रशने कोरडंच घासून बघा, बरीचशी पावडर निघते. निघाली नाही तर मात्र रंग काढण्याला पर्याय नाही, आणि तो पुढचे रंग लागण्याआधीच काढलेला बरा.

दमट हवेने पांढरं पडलेलं कसं वाचवायचं

पहिला दिवस काहीही करू नका. ओला पापुद्रा छेडला की बोटाचे, ब्रशचे व्रण कायमचे बसतात. घरात, पंख्यापासून लांब, कोरड्यात कोरड्या खोलीत चोवीस तास ठेवा. अगदी हलकं धुकं असेल तर ते एवढ्यानेही थोडं उतरतं.

मग ब्रशने लावायचं, पाण्यात मिसळणारं ग्लॉस वार्निश घ्या. ग्लॉसच. मॅटने पोकळ्या भरत नाहीत, उलट त्यातली सिलिका भर घालते. मऊ सिंथेटिक ब्रश, वार्निश थोडं पाण्याने पातळ केलेलं, आणि एका वेळी लहानसा भाग: आधी पागोटं, मग एक खांदा, मग दुसरा. ग्लॉस लागलं की रंग डोळ्यांदेखत परत येतो, थेंबाखाली आला होता तसाच, फक्त या वेळी टिकतो. पावसाळ्यात हे वार्निशसुद्धा हळू वाळतं आणि ओलं असताना दुधाळ दिसतं, त्याने घाबरू नका. दुसरा हात द्यायच्या आधी निदान चार-पाच तास जाऊ द्या. घाई केली तर खालचा ओलावा कोंडला जातो आणि एक नवीनच पांढुरकेपणा येतो. शेवटी चकाकी घालवायला ब्रशनेच मॅटचा एक पातळ हात. मॅटची बाटली जोरात हलवली की बुडबुडे होतात, म्हणून टूथपिक तळापर्यंत घालून सावकाश ढवळा.

माझे बहुतेक मावळे एवढ्यात उठून बसले. दोन-तीन जणांच्या ढालींवर जाड थर होता, तिथे धुकं राहिलंच. त्यांच्यासाठी दुसरा उपाय केला. उघडीप मिळालेल्या एका दुपारी, मिनिएचर आधी कोमट करून, त्याच डब्यातल्या वार्निशचा अगदी हलका हात मारला. नवा द्रावक जुना पापुद्रा थोडा मऊ करतो, पोकळ्या बुजतात आणि या वेळी हवा कोरडी असल्याने नवीन तयार होत नाहीत. हे काम करतं, पण हवेचा अंदाज चुकला तर दुप्पट पांढरं. म्हणून मी ते पहिला उपाय म्हणून सांगत नाही.

तेलाचा उपायही फिरत असतो. तेल पोकळ्यांत शिरतं आणि रंग लगेच दिसतो, हे खरं आहे. पण तेलावर पुढे कोणतंच वार्निश धरत नाही, आणि खेळताना मिनिएचर दर वेळी बोटांत येणार. खोबरेल तेल तर नकोच नको. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. नाशिकच्या डिसेंबरात बाटलीत थिजलेलं खोबरेल आपण सगळ्यांनी पाहिलंय, तेच तुमच्या मावळ्याच्या अंगरख्यावर थिजेल.

आणि एक कळकळीची विनंती. फर्निचरवाल्यांचं थिनर किंवा त्यांचं रिटार्डर मिनिएचरला लावू नका. लाकडावर ब्लशिंग आलं की ते हळू उडणारा द्रावक वापरून ते घालवतात, त्यांच्या कामात तो उपाय बरोबर आहे. आपली मिनिएचर्स पॉलिस्टायरीनची आणि वरचा रंग ॲक्रिलिक. तो द्रावक दोन्ही विरघळवतो. नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच, त्यात ॲसिटोन असेल तर चेहऱ्याचं नाक-डोळं काही शिल्लक राहत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

हे मला शिकवलं पंचवटीतल्या एका मूर्तिकार काकांनी. गणपतीच्या आधीचे दोन महिने म्हणजे भर पावसाळा, आणि त्यांना शेकडो मूर्तींना रंग, सोनेरी आणि वरून चमक द्यायची असते. आपल्याला जे वर्षातून दोनदा छळतं ते त्यांचं रोजचं आहे, म्हणून मुद्दाम गेलो. शेडमध्ये वर ताडपत्री, तिच्यावर पावसाचा आवाज, आणि खाली एका ओळीत दहा-बारा मूर्ती पिवळ्या हॅलोजनच्या उजेडात. एका मूर्तीच्या पाठीला त्यांनी उलटा हात लावला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

"काका, हे काय बघताय?"

"ऊब बघतो. गार मूर्तीवर लॅकर मारलं की पांढरं फुलतं, भाऊ. आधी दिव्याखाली ऊब येऊ द्यायची. अन् मारायचं दुपारीच. सकाळी नाही, दिवेलागणीला तर नाहीच."

"पाऊस थांबलेला असला तरी?"

"पाऊस थांबल्या-थांबल्या तर मुळीच नाही. जमीन वाफ सोडत असते तेव्हा."

माझी चूक नेमकी तीच होती. मी संध्याकाळी, पाऊस थांबल्या-थांबल्या, गार मावळ्यांवर मारलं होतं.

तेव्हापासून घरात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवलाय. काही शे रुपयांत मिळतो आणि एका वार्निशच्या डब्याहून स्वस्त पडतो. गॅलरीत जिथे स्प्रे मारणार तिथेच तो अर्धा तास ठेवायचा, खोलीतला आकडा उपयोगाचा नाही. माझा नियम असा: ६० पर्यंत बिनधास्त, ७० पर्यंत मिनिएचर कोमट करून, ७० च्या वर डब्याचं झाकणही काढायचं नाही. एकाच दिवशी माझ्या गॅलरीत सकाळी ९१ आणि दुपारी तीनला ६८ बघितलंय, त्यामुळे पावसाळ्यातही दुपारी दोन ते चार ही वेळ बघून ठेवावी. नाशिकमध्येही सगळीकडे एक हवा नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्याने तीन महिने स्प्रे विसरावा. सिन्नर किंवा निफाडकडच्या माणसाला त्याच आठवड्यात दोन कोरड्या दुपारी मिळून जातात.

कोमट करायला टेबललॅम्प पुरतो. एक फुटाहून जास्त अंतर, दहा-पंधरा मिनिटं, आणि काकांसारखा उलटा हात. चटका लागता कामा नये, फक्त गार लागता कामा नये. प्लास्टिक जास्त तापलं की पातळ भाग, भाले आणि बंदुकीच्या नळ्या, आधी वाकतात. दिवा बंद करून मगच स्प्रे. मारताना वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर, झपकन जाणारे हलके फटकारे, आणि पहिला फटकारा नेहमी टाकाऊ स्प्रूवर, म्हणजे किटचे भाग कापून घेतल्यावर उरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर. त्यावर प्रायमर आणि दोन रंग आधीच लावून ठेवा, म्हणजे पाच मिनिटांत खरी परीक्षा होते. स्प्रू पांढरा पडला तर त्या दिवशी काम बंद. मारून झालं की मिनिएचर्स गॅलरीत वाळत ठेवू नका, वास थोडा उतरला की आत आणा.

हवा दमट आहे म्हणून बंद खोलीत, एसी लावून स्प्रे मारायचा विचार काहींच्या मनात येतो. करू नका. कॅनमधला वायू ज्वालाग्राही असतो. देवघरातलं निरांजन, गॅसची शेगडी, गीझरचा पायलट, कशानेही भडका उडू शकतो, आणि ती वाफ फुफ्फुसात जाते ती वेगळीच. घरात लहान मूल असेल तर हा विषयच संपला.

खरं सांगायचं तर जुलै ते सप्टेंबर मी आता स्प्रे वापरतच नाही. प्रायमर ब्रशने, वार्निश ब्रशने. वेळ लागतो, हात बसायला दोन-चार मिनिएचर्स जातात, पण रंगवलेलं काम डोळ्यांसमोर गेल्याचं दुःख नको. स्प्रेचं काम नवरात्रानंतर आणि मग फेब्रुवारीत उरकतो. वर्षभराची मिनिएचर्स जोडून, प्रायमर मारून ठेवली की पावसाळा नुसता रंगवण्यात जातो, आणि ते काम पावसाच्या आवाजात फार छान होतं.

उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ. त्यानंतर वारा सुटतो, धूळ येते आणि खरखर सुरू होते. अंतर थोडं कमी करा, पंधरा-वीस सेंटिमीटर. थंडीत उलट: निफाडकडून गारठा आला की डबाच गार पडतो, आतला दाब उतरतो आणि तो फवारण्याऐवजी थुंकायला लागतो. दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. हात सहज बुडवता येईल इतपतच कोमट. ५० अंशांच्या वर डबा नेऊ नका, असं डब्यावरच छापलेलं असतं.

रामशेजची एक गोष्ट माझ्याकडे अजून अपुरी आहे. किल्ल्यावर तोफा कमी होत्या म्हणून लाकूड पोखरून, वर कातडं चढवून तोफा केल्या, असं सांगतात. तशी एक तोफ केली आहे. आइसक्रीमच्या काडीपासून तासलेली नळी, वर टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये भिजवून चढवलेलं कातडं, आणि बांधायला भरतकामाचा दोरा. प्रायमर ब्रशने लागलाय, तपकिरीचे दोन हात झालेत. आज आर्द्रतेचा आकडा ८४ आहे. वार्निश ब्रशनेच लावणार, लाकडावर मॅट आणि कातड्यावर साटिन (मॅट आणि ग्लॉस यांच्या मधलं), म्हणजे दोरा जिथे कातड्यात रुततो तिथे थोडी चकाकी राहील.